फ्रेडरिक बास्तिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास्तिया, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला मुक्त व्यापाराच्या बाजूने लिहिणारा फ्रेंच अर्थलेखक, याचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, काही खरोखर उत्सुकतेने, काही चिडून, आणि प्रत्येक वेळी मी अर्धवट उत्तरं देतो, म्हणून एकदाची सगळी नीट लिहून काढतोय. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं सांगितलंय.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

बास्तिया. फ्रेंचमध्ये शेवटचा ट उच्चारत नाहीत. फ्रेडरिकचं तिकडे फ्रेदेरिक होतं पण आपल्याकडे फ्रेडरिकच रुळलंय, तर राहू दे.

कोण होता हा माणूस?

फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, स्पेनच्या हद्दीजवळ, बायोन नावाचं बंदर आहे, तिथे १८०१ च्या जून महिन्यात जन्म. घर व्यापाऱ्याचं. सात वर्षांचा असताना आई गेली, नऊचा असताना वडील, मग आजोबांनी आणि झुस्तीन आत्याने वाढवलं, आदूर नदीच्या काठावरच्या मुग्रों नावाच्या लहानशा गावात. सोरेझच्या शाळेत होता तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. तो आणि त्याचा जिवलग मित्र काल्मेत, दोघांनी मिळून एक कविता लिहिली आणि तिला सोन्याचं मेडल मिळालं. मेडल काही अर्धं अर्धं करता येत नाही, तर हा मित्राला म्हणाला की तूच ठेव, तुझे आईवडील आहेत, मेडल त्यांच्याकडेच जायला पाहिजे.

शाळेची शेवटची परीक्षा न देताच बाहेर पडला आणि सतराव्या वर्षी बायोनमध्ये नातेवाइकांच्या पेढीवर कामाला लागला. इथे त्याचं खरं शिक्षण झालं असं मला वाटतं, कारण नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीने ते बंदर पार बसलेलं होतं आणि लढाया संपल्यावरही जकातींमुळे व्यापार काही पूर्वीसारखा उभा राहिला नाही. म्हणजे सरकारी कागदावरच्या एका ओळीने गोदामं कशी ओस पडतात हे त्याने पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी बघितलं होतं.

१८२५ मध्ये आजोबा वारले आणि जमीन त्याच्या नावावर आली. नव्या पद्धतीची शेती करायचा प्रयत्न केला, अर्धेलीने कसणाऱ्या कुळांना ते पटलं नाही, जमलं नाही. मग शेजारी फेलिक्स कुद्रुआ नावाचा मित्र होता त्याच्यासोबत वाचन, वाचन आणि वाचन, जवळजवळ वीस वर्षं. मधे १८३१ ला गावचा न्यायाधीश झाला, जिल्ह्याच्या कौन्सिलवर गेला. पण पॅरिसमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं. आज आपण त्याचं जे काही वाचतो ते जवळपास सगळं १८४४ ते १८५० या सहा वर्षांत लिहिलेलं आहे, आणि त्यातली शेवटची काही वर्षं टीबीने पोखरलेली.

त्रेचाळिसाव्या वर्षी अचानक कसा काय सुरू झाला?

पेपर वाचून! म्हणजे खरंच. सांगतात असं की गावातल्या मंडळींमध्ये एकदा वाद झाला, एका फ्रेंच पेपरने ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पीलच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, की अमुक धोरण स्वीकारलं तर इंग्लंडही 'फ्रान्ससारखं' खालच्या पायरीवर जाईल. सगळे भडकले. बास्तियाला इंग्रजी येत होतं, त्याने मूळ इंग्रजी पेपर मिळवून बघितलं तर 'फ्रान्ससारखं' हे शब्द मुळात नव्हतेच, ते इकडे चिकटवलेले. त्याने तो इंग्रजी पेपर मग लावूनच टाकला आणि त्यात त्याला रिचर्ड कॉब्डेनची चळवळ सापडली, अँटी कॉर्न लॉ लीग. धान्यावरच्या आयात जकातीमुळे ब्रिटनमध्ये पाव महाग आणि जमीनदार मालामाल, त्या कायद्यांविरुद्ध हजारो सामान्य माणसं सभा घेत होती आणि फ्रान्समधल्या वाचकांना याचा पत्ताच नव्हता.

त्याने एक लेख लिहिला, फ्रान्स आणि इंग्लंडच्या जकातींबद्दल, आणि पॅरिसच्या 'जुर्नाल दे एकोनोमिस्त' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवला. ऑक्टोबर १८४४ ला छापून आला. तिथल्या लोकांना धक्काच बसला की हे कोण लिहितंय आणि कुठून. पुढच्या वर्षी कॉब्डेनवर आख्खं पुस्तक आलं, मग इंग्लंडला जाऊन प्रत्यक्ष भेट, आणि ती दोस्ती शेवटपर्यंत टिकली. १८४६ ला ब्रिटनने कॉर्न लॉ रद्द केले. त्याच वर्षी बास्तियाने आधी बोर्दोला आणि मग पॅरिसला मुक्त व्यापाराची संघटना उभी केली, 'लिब्र एशांज' नावाचं साप्ताहिक काढलं.

ते मेणबत्तीवाल्यांचं काय आहे? सगळे तेच सांगतात.

सांगतात कारण ते आहेच तसं. १८४५ चं लिखाण. मेणबत्ती, दिवे, कंदील, तेल वगैरे बनवणाऱ्यांनी संसदेला केलेला अर्ज आहे असं रूप दिलंय. तक्रार काय, तर एक परदेशी स्पर्धक आमचा बाजार फुकटात प्रकाश टाकून बुडवतोय. तो स्पर्धक म्हणजे सूर्य. मागणी काय, तर कायदा करा आणि सगळ्या खिडक्या, झरोके, पडदे, फटी दिवसा बंद करायला लावा.

पण लोक इथेच थांबतात, हसतात आणि पुढे जातात. खरी ताकद त्या अर्जातल्या हिशोबात आहे. तो अर्ज म्हणतो बघा किती फायदे होतील, चरबी जास्त लागेल म्हणजे गुरं मेंढरं वाढतील, म्हणजे मांस लोकर चामडं आणि शेणखत वाढेल, तेल लागेल म्हणजे तेलबिया वाढतील, व्हेलच्या शिकारीला हजारो जहाजं लागतील म्हणजे आरमार मजबूत, पॅरिसमध्ये झुंबरांचे कारखाने झळकतील. ही आख्खी साखळी म्हणजे संरक्षण मागणाऱ्या कारखानदारांची तेव्हाची खरी भाषा होती, त्याने फक्त सूर्याला लावून दाखवली.

आणि मग तो लिस्बनच्या संत्र्याचं उदाहरण काढतो, ते मला सगळ्यात भारी वाटतं. लिस्बनचं संत्रं पॅरिसच्या संत्र्याच्या निम्म्या किमतीत मिळतं, का, तर तिकडे ऊन फुकट आहे आणि इकडे संत्रं पिकवायला कृत्रिम उष्णता द्यावी लागते आणि तिचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे निसर्गाने निम्मं संत्रं आपल्याला फुकट दिलं. ते 'निम्मं फुकट' आहे म्हणून तुम्ही अडवता, मग जे पूर्ण फुकट आहे, रोज सकाळी दारात येतं, ते का अडवत नाही? याचं उत्तर त्याच्या विरोधकांकडे नव्हतं.

फुटलेल्या काचेची गोष्ट काय आहे?

त्याच्या शेवटच्या पुस्तिकेतली, जुलै १८५०, 'जे दिसतं आणि जे दिसत नाही'. झाक बोनोम म्हणजे फ्रेंचांचा आपला 'सामान्य माणूस', त्याच्या मस्तीखोर पोराने घरातली काच फोडली. बाप संतापलाय. आजूबाजूला जमलेले सगळे त्याची समजूत घालतात, अहो जाऊ द्या, काचा फुटल्याच नाहीत तर काचवाल्यांनी खायचं काय.

काच बसवायला सहा फ्रँक. काचवाल्याला सहा फ्रँकचा धंदा मिळाला, हे दिसतं. पण तेच सहा फ्रँक झाकने फाटलेले बूट बदलायला वापरले असते किंवा एखादं पुस्तक घेतलं असतं, ते आता होणार नाही, आणि तो चांभार ज्याचा धंदा गेला तो या गोष्टीत कुठेच उभा नाही. बास्तिया म्हणतो या नाटकात पात्रं दोन नाहीत, तीन आहेत. झाक, काचवाला, आणि तिसरा तो चांभार ज्याला कायम अंधारात ठेवलं जातं. धंदा एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि वर एक काच कायमची गेली, एवढाच जमाखर्च.

माझ्यासाठी बास्तिया म्हणजे तो तिसरा माणूस. त्याचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण कुठलीही स्कीम, कुठलंही पॅकेज, कुठलीही बंदी जाहीर झाली की 'तिसरा कोण?' हा प्रश्न विचारायची सवय लागली ना तर पेपर वाचायची पद्धतच बदलते. पुढे या कल्पनेला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट असं नाव पडलं, ते नाव त्याचं नाही, पण शाळेतल्या पोरालाही कळेल अशी गोष्ट त्याची.

पण मंदी असेल, लोक पैसे दाबून बसले असतील, तर काच फुटलेली बरी नाही का?

हा खरा प्रश्न आहे आणि याला झटकून टाकू नये. झाकने ते सहा फ्रँक गादीखाली ठेवले असते आणि काचवाला रिकामा बसून असता, तर काच फुटल्यामुळे निदान पैसा हलला असं म्हणता येतं. बास्तियाचं उत्तर असं की वाचवलेला पैसा सहसा पडून राहत नाही, तो कर्जाऊ जातो, धंद्यात लागतो, म्हणजे तोही खर्चच होतो, फक्त दुसऱ्याच्या हातून. त्याच पुस्तिकेत दोन भावांची गोष्ट आहे, मोंदोर उधळ्या आणि आरिस्त काटकसरी, आणि तो दाखवतो की आरिस्तचे पैसेही मजुरांपर्यंतच पोचतात आणि वर्षानुवर्षं पोचत राहतात.

पण खोल मंदीत लोक आणि बँका दोघंही पैसा धरून बसतात, तेव्हा हे उत्तर पुरत नाही, हे मी मान्य करतो. तरीही एक गोष्ट उरतेच, काचवाल्याला काम द्यायचंच असेल तर नव्या घराला काच लावायचं द्या की, असलेली कशाला फोडायची?

जकातीबद्दल त्याचं म्हणणं काय, एकदम थोडक्यात?

थोडक्यात नको, गोष्टच सांगतो, कारण ती मेणबत्तीवाल्यांइतकी प्रसिद्ध नाही आणि माझ्या मते जास्त टोकदार आहे. प्रोहिबां नावाचा एक लोखंडवाला. बेल्जियमचं लोखंड दहा फ्रँकला येतंय, याला पंधराला विकायचंय. पहिला विचार काय येतो त्याच्या डोक्यात, तर बंदूक उचलायची, कमरेला चार पिस्तुलं लावायची, बॉर्डरवर जायचं आणि जो कोणी फ्रेंच माणूस बेल्जियमचं लोखंड घ्यायला जाईल त्याला गोळी घालायची. मग लक्षात येतं की यात धोका आहे, समोरचा पण मारेल, नोकरांना पाठवावं तर पैसे फार लागतील. हताश होऊन बसणार एवढ्यात आठवतं की अरे, पॅरिसला कायद्यांचा मोठा कारखाना आहे! तिथे एक छोटासा कायदा बनवून घेतला की झालं, सरकार वीस हजार कस्टमचे शिपाई बॉर्डरवर उभे करील, माझ्या जागी, आणि त्यांचा पगार तेच लोक भरतील ज्यांना अडवायचंय.

कायदा झाला. आता झाक तेच लोखंड पंधराला घेतो. पाच फ्रँक प्रोहिबांच्या खिशात गेले, हे दिसतं, कारखाना चालतोय, कामगार आहेत. त्या पाच फ्रँकमध्ये झाक जे दुसरं काही घेणार होता ते दिसत नाही. इथेही तोच तिसरा माणूस.

म्हणजे कायदेशीर लूट?

हो, हा त्याचाच शब्द. 'कायदा' नावाची पुस्तिका, १८५० च्या जूनमध्ये लिहिलेली, मुग्रोंला असताना, घसा पूर्ण गेलेला होता तेव्हा. त्यात ओळखायची खूण दिलीय. कायदा एकाकडून त्याचं असलेलं काढून ज्याचं नाही त्याला देतोय का बघा. जे काम नागरिकाने स्वतः केलं तर गुन्हा ठरेल ते कायदा त्याच्यासाठी करून देतोय का बघा. तसं असेल तर ती लूट, फक्त शिक्क्यासहित.

आणि तो पुढे म्हणतो की लुटीचा कायदा असला की प्रत्येकाला कायदा बनवणाऱ्यांत सामील व्हायचं असतं, एक तर लूट थांबवायला नाही तर स्वतः लुटायला, आणि बहुतेक वेळा दुसरंच होतं. १८४८ च्या सप्टेंबरमध्ये 'जुर्नाल दे देबा'मध्ये सरकारवरचा लेख आला त्यातलं वाक्य तुम्ही ऐकलं असेल: सरकार म्हणजे अशी एक मोठी कल्पित गोष्ट, जिच्या आधाराने प्रत्येक जण बाकी सगळ्यांच्या जिवावर जगायची धडपड करतो.

'कायदा'मध्येच अमेरिकेचं कौतुक आहे, पण दोन गोष्टी सोडून, गुलामगिरी आणि जकात. दोन्हीला त्याने कायदेशीर लूटच म्हटलंय आणि या दोन गोष्टींवरून ते संघराज्य फुटू शकतं असं लिहिलंय. अकरा वर्षांत तिकडे यादवी युद्ध सुरू झालं.

शेवटी हा श्रीमंतांचाच वकील ना?

या प्रश्नावर मी चिडतो, खरं सांगतो. त्या वेळचं फ्रान्स बघा. साडेतीन कोटींचा देश आणि १८४८ च्या आधी मतदार किती, अडीच लाखांच्या आत, कारण ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यालाच मत. म्हणजे संसदेत बसलेले लोक जमीनदार, जंगलांचे मालक, लोखंडवाले, कापडवाले, आणि तेच ठरवणार की धान्यावर, लाकडावर, लोखंडावर, कापडावर किती जकात लावायची. बास्तिया लढत होता तो यांच्याशी. मजुराचा पाव महाग होतो, त्याचा सदरा महाग होतो, त्याच्या हातातलं हत्यार महाग होतं आणि ते जास्तीचे पैसे कुणाकडे जातात हे तो नाव घेऊन सांगत होता. यात श्रीमंतांची वकिली कुठे आली?

दुसरं, १८४८ च्या क्रांतीनंतर तो लांद जिल्ह्यातून निवडून गेला, आधी संविधान सभेत, मग १८४९ ला पुढच्या संसदेत. फायनान्स कमिटीचा उपाध्यक्ष होता. बसायचा डाव्या बाजूला. समाजवादी लुई ब्लांवर खटला भरायचा ठराव आला तेव्हा याने विरोधात मत दिलं, आणि लुई ब्लांच्या कल्पनांवर तर हा आयुष्यभर टीका करत होता! आणि १७ नोव्हेंबर १८४९ ला तो कामगारांच्या एकत्र येण्याच्या हक्कासाठी संसदेत बोलला, तेव्हा फ्रान्समध्ये संप करणं हा गुन्हा होता. त्याचं म्हणणं साधं होतं, एका माणसाला काम सोडायचा हक्क आहे तर दहा जणांना मिळून का नाही, मारहाण केली तर मारहाणीची शिक्षा द्या, संपाची नको. तो हक्क फ्रान्समध्ये १८६४ ला आला.

सरकार नकोच असं म्हणायचा का?

नाही. न्याय, सुरक्षा, काही थोडी सार्वजनिक कामं, एवढ्यासाठी सरकार हवंच असं त्याचं मत. त्याच्याच गोटातल्या तरुण मोलिनारीने १८४९ ला असं मांडलं की सुरक्षासुद्धा खाजगी कंपन्यांवर सोडा, ते बास्तियाला पटलं नाही.

पण त्याचा एक मुद्दा लोक नेहमी चुकवतात, की अमुक काम सरकारने करू नये म्हटलं की लगेच अर्थ काढतात की ते कामच नको म्हणतोय. शिक्षण सरकारी नको म्हणजे शिक्षण नको, मदत सरकारी नको म्हणजे गरीब मेले तरी चालतील, असं. तो म्हणायचा सरकार आणि समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. कामगार आपापसात वर्गणी काढून आजारपणात एकमेकांना सांभाळायचे अशी मंडळं तेव्हा होती, आपल्याकडच्या भिशी आणि बचत गटांच्या जवळ जाणारी, त्यांचं त्याला फार कौतुक. आणि काळजी हीच की सरकारने ती ताब्यात घेतली की सभासद एकमेकांवर लक्ष ठेवायचे थांबतील, कारण पैसा मग 'आपला' राहणार नाही.

प्रुदाँबरोबर काय वाद झाला होता?

व्याजावरून. प्रुदाँ हा फ्रेंच समाजवादी विचारवंत, तो म्हणायचा व्याज म्हणजे चोरी, कर्ज फुकट मिळालं पाहिजे. १८४९ च्या शेवटी दोघांचा पत्रांमधून जाहीर वाद झाला आणि तो छापला कुठे, तर प्रुदाँच्याच पेपरात, समाजवादी वाचकांसमोर, म्हणजे हा स्वतःहून त्यांच्या अंगणात गेला.

व्याज समजवायला त्याने सुताराची गोष्ट लिहिली होती. झाकने दहा दिवस घालवून एक चांगला रंधा बनवला, उरलेले २९० दिवस तो वापरून काम करणार. गियोम म्हणतो मला वर्षभर दे, वर्ष संपलं की नवाकोरा परत देईन. झाक म्हणतो अरे पण मग मला काय मिळालं, रंधा तू वापरणार, काम तुझं चांगलं होणार, आणि मी वर्षभर रंध्याशिवाय. मग ठरतं की नवीन रंधा अधिक एक फळी. ती फळी म्हणजे व्याज. दोघंही आधीपेक्षा बरे, कुणी कुणाला लुटलं नाही.

मार्क्सने त्याला काय म्हटलं होतं?

उथळ, आणि उथळ म्हणूनच त्या जातीच्या अर्थशास्त्राचा सगळ्यात योग्य प्रतिनिधी. 'कॅपिटल'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी, १८७३. विसाव्या शतकातला अर्थशास्त्रज्ञ शुंपेटर, त्याने तर असं लिहिलं की आजवरचा सगळ्यात चमकदार आर्थिक पत्रकार, पण थिअरी मांडणारा नव्हेच.

मग त्याच्या थिअरीत खोट आहे का?

आहे. 'इकॉनॉमिक हार्मनीज' हे त्याचं मोठं पुस्तक, १८५० ला पहिला भाग आला आणि पुरं करायच्या आधीच तो गेला. त्यात तो म्हणतो की देवाणघेवाण म्हणजे सेवेच्या बदल्यात सेवा, इथपर्यंत छान, पण मग जमिनीचा खंडसुद्धा फक्त आधीच्या कष्टांचा मोबदला आहे, निसर्गाचा वाटा त्यात शून्य, असं सिद्ध करायला जातो आणि ते काही जमत नाही. मोक्याच्या जागेची किंमत मालकाने काही न करता वाढते हे कुणालाही दिसतं. आणि सगळ्यांची हितं शेवटी आपोआप जुळतात यावरचा त्याचा विश्वास थोडा श्रद्धेकडे झुकतो. अमेरिकेचा अर्थशास्त्रज्ञ हेन्री केरी याने तर माझ्या कल्पना उचलल्या असा आरोप केला होता, तो वेगळा वाद.

तरी मला वाटतं तो जिथे हिशोब मांडतो तिथे त्याला हलवणं अवघड आहे.

आपल्या न्यायमूर्ती रानड्यांनी तर फ्री ट्रेडवर टीका केली होती. मग?

केली होती, १८९२ ला पुण्यात डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू होत नाहीत, भारतासारख्या मागे पडलेल्या देशात सरकारने उद्योगांना हात दिला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. बास्तिया इथे त्यांच्या विरोधात गेला असता, यात शंका नको.

पण एक गोष्ट बघा. तेव्हा भारतावर जे लादलं जात होतं त्याला 'फ्री ट्रेड' म्हणायचं का? १८९६ ला परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि तिला तोड म्हणून आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के एक्साइज, का, तर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची ओरड नको. मुंबईच्या गिरण्यांवर स्वतःच्या घरात कर! बास्तियाची खूण लावा, एका गटाने कायद्याच्या कारखान्यात जाऊन दुसऱ्याच्या खिशात हात घातला, ही चोख कायदेशीर लूट आहे. आणि तो वसाहतींच्या विरोधातच होता, फ्रान्सने अल्जीरियावर जो खर्च चालवला होता त्यावर त्या काचेच्याच पुस्तिकेत एक प्रकरण आहे. त्यामुळे रानडे आणि बास्तिया यांच्यात खरा मतभेद आहे, पण लँकेशायरचं पाप बास्तियाच्या माथी मारू नका.

आज महाराष्ट्रात याचा काय संबंध?

कांदा. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, मे २०२४ पर्यंत चालली, त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. शहरात कांदा स्वस्त झाला हे दिसतं, टीव्हीवर दाखवता येतं. लासलगावला शेतकऱ्याचा जो भाव गेला तो न मिळालेला पैसा आहे, त्याचा फोटो कसा काढणार? आणि त्या पैशातून जो नवा पंप घेतला गेला असता, पोरीची फी भरली असती, ते तर अजूनच दिसत नाही.

काही जण म्हणतात की बास्तिया तर नेहमी ग्राहकाची बाजू घ्यायचा, मग बंदी चांगलीच ना. नाही. ग्राहकाला स्वस्त मिळावं ते मोकळ्या व्यवहारातून, दुसऱ्याचा माल कायद्याने अडकवून नाही. शेतकऱ्याला गिऱ्हाईक शोधायला मनाई करून आपलं ताट भरणं हे प्रोहिबांचंच उलटं रूप आहे.

शरद जोशींनी 'उणे सबसिडी' हा शब्द महाराष्ट्रात रुजवला तो याच गोष्टीबद्दल, की सरकार शेतकऱ्याला देतंय त्यापेक्षा बंद्या आणि लेव्ह्यांमधून काढून जास्त घेतंय. नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावावर, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्यावर, बहुतेक शेतकरी संघटना विरोधात असताना ते खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले. ज्याला बास्तिया कठीण वाटतो त्याने आधी जोशींचं वाचावं, मग बास्तिया ओळखीचा वाटायला लागेल.

'माल सीमा ओलांडत नसेल तर सैन्य ओलांडेल' हे त्याचंच वाक्य ना?

नाही. सगळीकडे त्याच्या नावाने फिरतं पण त्याच्या लिखाणात ते नाही. व्यापाराने शांतता येते असं तो मानायचा, एवढंच खरं. कृपया पोस्टरवर टाकू नका.

शेवट कसा झाला?

घाईत. 'जे दिसतं आणि जे दिसत नाही'चं हस्तलिखित घर बदलताना हरवलं. परत लिहिलं, ते फार गंभीर झालंय असं वाटून आगीत टाकलं, तिसऱ्यांदा लिहिलं, आणि आपण वाचतो ते हे तिसरं. टीबी झालेल्या माणसाने, श्वास पुरत नसताना. त्या १८५० च्या उन्हाळ्यातच. शरद ऋतूत डॉक्टरांनी इटलीला पाठवलं. मित्र प्रॉस्पेर पायोते शेवटी जवळ होता, त्यानेच पुढे त्याचं सगळं लिखाण गोळा करून छापून घेतलं. २४ डिसेंबर १८५० ला रोममध्ये गेला, वय ४९. शेवटचा शब्द 'सत्य' होता असं पायोतेने लिहून ठेवलंय. रोमच्याच सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये पुरलंय त्याला. बहुतेक लोक तिथे काराव्हाज्जोची चित्रं बघायला जातात, तुम्ही गेलात तर याचीही जागा शोधा.

दहा वर्षांनी, १८६० ला, कॉब्डेन आणि फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ शेव्हालिए यांनी फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये व्यापार करार घडवून आणला आणि जकाती खाली आल्या. ते बघायला तो नव्हता.

वाचायला सुरुवात कुठून करू?

काचेच्या पुस्तिकेपासून. बारा छोटी प्रकरणं आहेत, एका संध्याकाळी होतात. मग 'इकॉनॉमिक सॉफिझम्स' या त्याच्या लेखसंग्रहातले लेख, मेणबत्तीवाल्यांचा अर्जही त्यातलाच, त्यातला रेल्वेवाला नक्की वाचा: बोर्दोला धंदा मिळावा म्हणून पॅरिस ते स्पेन रेल्वे तिथे तोडा अशी मागणी येते, तर हा म्हणतो मग प्रत्येक गावाला तोडा, सगळ्यांना धंदा मिळेल, आणि मग जी होईल ती रेल्वेच नसेल. त्यानंतर 'कायदा'. 'हार्मनीज' शेवटी, आणि घाई नाही. इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. जुनी भाषांतरं जरा जड आहेत, नवीन बघा. फ्रेंच येत असेल तर मूळच वाचा, इतकं सोपं फ्रेंच तो लिहितो की शिकणाऱ्यालाही झेपतं.